जाडी तार

सुशील भोयरला गिटार वाजवता येत नव्हती. पण गिटारच्या आजूबाजूला जे जे विकत मिळतं, जोडता येतं, खोलता येतं आणि खोललेलं पुन्हा बसवता येतं, ते सगळं त्याला येत होतं. मौद्याच्या वीज केंद्रात तो मीटर आणि गेज दुरुस्त करायच्या कामाला होता. सकाळची बस, संध्याकाळची बस, आणि घरी आला की चहाचा कप घेऊन थेट मागच्या खोलीत. नागपूरच्या मनीषनगरातल्या फ्लॅटची ती खोली एकेकाळी लेकीची होती. लेक पुण्याला शिकायला गेली आणि दीड महिना वाजवून सोडून दिलेली गिटार भिंतीला टेकवून गेली. ती नुसती पडून राहिलेली पाहून सुशीलने माइक आणला. माइक आला म्हणून तो कॉम्प्युटरला जोडायचा डबा आला, डबा आला म्हणून हेडफोन आले, आणि बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून लग्नात आलेल्या दोन जाड रजया भिंतीवर खिळे मारून टांगल्या गेल्या. हौसेला मोल नसतं म्हणतात. सुशीलच्या हौसेला तळही नव्हता.

आता एवढा थाटमाट करून ठेवल्यावर वाजवायला कोणीतरी हवंच की. मांडव घालून झाला, आता नवरी शोधा, अशी गत. त्याने बायकोला बसवलं.

दामिनी शाळेत ग्रंथपाल. वय अठ्ठेचाळीस. तिला हसूच आलं. "मले कुठून येईन?" म्हणाली, आणि डावा हात पुढे करून दाखवला. त्या हाताच्या पहिल्या, अंगठ्याशेजारच्या बोटाला शेवटचं पेर नाही. सात वर्षांची असताना, काटोलजवळच्या गावी, गोठ्यातल्या कडबाकुट्टीत ते गेलं. ती कडबा आत सारत होती आणि चाक तिचे वडील, चंपतराव, फिरवत होते. त्यानंतर चंपतरावांनी त्या दिवसाचा शब्दही कधी काढला नाही. पण बाजाराला नेताना ते लेकीचा नेहमी उजवा हात धरत. डावा हात त्यांनी पुन्हा कधी हातात घेतला नाही, हे दामिनीला लहानपणीच कळलं होतं.

पण ती बसली. मोबाइलवरचा मास्तर लावून बसली. पहिले चार महिने नुसती खरखर. बोटांना घट्टे पडले, शाळेत पुस्तकांवर शिक्के मारताना टोकं झोंबायची. आणि मग ती अडली. गिटारला सहा तारा. काही सूर धरायचे तर पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात, आणि बोटाचं टोक बरोबर सगळ्यात वरच्या, जाड्या तारेवर पोहोचावं लागतं. दामिनीच्या बोटाला टोकच नाही. पाच तारा दाबल्या जायच्या, जाडी तार सुटून जायची आणि भसाडा आवाज करायची.

आठ महिने तिने त्या एका गोष्टीवर घातले. शेवटी तिचा तिनेच उपाय काढला. बोटाचं थोटूक जाड्या तारेला नुसतं टेकवून ठेवायचं, म्हणजे ती गप्प बसते, आणि पाचच तारांवर काम भागवायचं. खालचा घुमारा येत नाही, पण सूर खरा लागतो. ज्या दिवशी हे जमलं त्या दिवशी तिने स्वयंपाकघरात जाऊन एकटीनेच दोन बेसनाचे लाडू खाल्ले. आयुष्यात तिचं कौतुक बरंच झालं होतं, पण ते सगळं ‘बोट नसूनही किती छान विणते’ या जातीचं. हे मात्र तिने स्वतः, कोणी न शिकवता, स्वतःच्या अर्ध्या बोटासाठी शोधून काढलं होतं.

रेकॉर्डिंगची रीत ठरलेली. ती रजयांच्या मध्ये खुर्चीवर बसायची, सुशील कानाला हेडफोन लावून पडद्यापुढे. एकेक गाणं चाळीस-पन्नास वेळा वाजवून व्हायचं. मग तो म्हणायचा, "झालं. जा तू, कुकर लाव. पुढचं माह्यावर सोड."

"मले ऐकू तं द्या."

"मधात ऐकू नको वं. कच्चं ऐकलं का मन खट्टू होते."

आठवड्याने गाणं मोबाइलवर यायचं, आणि ती थक्क व्हायची. कुठे अडखळणं नाही, कुठे तार करकरत नाही. "हे मी वाजवलं?" ती विचारायची. "तूच तं वाजवलं. मी निस्ती फोडणी देल्ली," सुशील म्हणायचा. तिला ते पटायचं. भाजी तिची, फोडणी त्याची, यात न पटण्यासारखं काय आहे? पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्यासाठी एवढं बसून काही केलं, याचंच तिला अप्रूप होतं.

तीन वर्षांत अकरा गाणी झाली. ती नातेवाइकांत फिरली, शाळेत फिरली. पण दामिनीचा खरा जीव अडकला होता तो एका फोनमध्ये. दोन वर्षांपूर्वी, दसरा झाल्यावर, तिने भुलाबाईच्या गाण्याची एक चाल वाजवली होती. तिची आई वच्छला बागेत संत्री निवडताना ती गुणगुणायची. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. ते गाणं पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चंपतरावांचा फोन आला. एरवी फोनवर ‘पाणी आलं का, पोरगी कशी आहे’ यापलीकडे न जाणारा माणूस त्या दिवशी म्हणाला, "बाई, मले वाटे तुह्या हाताचं मीच वाटोळं केलं. पण हात तं चांगला चालून राहिला तुह्या." त्या दिवसापासून म्हातारा रोज सकाळी दात घासून झाले की ते गाणं लावतो, हे तिला माहेरच्या वहिनीने सांगितलं होतं. चाळीस वर्षांचं ओझं एका गाण्याने उतरलं होतं आणि ते आपल्या हाताने उतरवलं, याचं दामिनीला इतकं सुख होतं की ती ते कोणाला बोलूनही दाखवत नसे, दृष्ट लागेल म्हणून.

यंदा डिसेंबरात सुशीलने स्पीकर बांधायला घेतला. विकतचा नव्हे. जाड प्लायवूड कापून आणलं, आवाज काढणारा बारा इंची कोन मागवला, आत कापूस ठासला, आणि गॅलरीत महिनाभर रंधा, फेव्हिकॉल आणि डिंकाळ हात. कमरेएवढा उंच खोका तयार झाला. मोबाइलवर ऐकणारी जनता आपल्या रेकॉर्डिंगची माती करते, हे त्याचं जुनं दुःख होतं. मोबाइलच्या एवढ्याशा भोकातून खालचे सूर येतच नाहीत, निम्मं गाणं तिथेच गळून जातं, असं तो कोणी विचारलं नाही तरी सांगायचा. जानेवारीतल्या एका रविवारी त्याने स्पीकरचं उद्घाटन ठरवलं. पोह्यांवर झणझणीत रस्सा, म्हणजे तर्री-पोह्यांचा बेत केला, शेजारचे मनोहरराव आणि प्रेमिलावहिनी यांना बोलावलं, आणि खास फोन करून चंपतरावांनाही बसने काटोलहून आणवलं. सासऱ्याला गुडघ्यांमुळे तीन वर्षांत नागपूर झालं नव्हतं. दामिनी माहेरी जायची तेव्हा गिटार इथेच वायरींच्या जंजाळात अडकलेली असायची. म्हणजे चंपतरावांनी लेकीला समोर वाजवताना कधी पाहिलंच नव्हतं.

सकाळी साडेनवाला सगळे हॉलमध्ये बसले. चंपतराव सोफ्याच्या टोकाला, टोपी मांडीवर. सुशीलने खोक्याच्या कडेवरून फडकं फिरवलं, खाकरला, आणि म्हणाला, "आता ऐका. आजपर्यंत जे ऐकलं थे विसरून जा." त्याने भुलाबाईची चाल लावली.

आवाज खरंच भारी होता, त्याला नावं ठेवता येणार नाहीत. खिडकीची काच हलकी थरथरली. मनोहररावांनी "बाप रे!" म्हटलं. दामिनी पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चाल पहिल्या वळणाला आली, जिथे ती बोट आडवं टाकते तिथे, आणि खालून एक भरदार, गोल सूर आला. धुम्म. जमिनीतून वर चढून तिच्या पायांना लागला.

तिला वाटलं, भास झाला. सुशीलच्या नव्या खोक्याचीच काहीतरी कुरापत असेल. चाल पुढे गेली, दुसरं वळण आलं. धुम्म. ती बशीकडे पाहत उभी राहिली. तिसऱ्या वेळी तिने डाव्या हाताची मूठ करून बोट आत दाबून धरलं, आणि तरीही तो सूर आला. चौथ्या वेळी तर तो संपल्यावरही रेंगाळला, अगदी तृप्त माणसाच्या ढेकरेसारखा. ती जाडी तार होती. पुरी दाबलेली, स्वच्छ वाजलेली. दामिनीच्या हाताने ती वाजणं शक्यच नव्हतं. जगात बाकी कोणाला नसेल, पण तिला आणि तिच्या नवऱ्याला हे पक्कं माहीत होतं.

टाळ्या पडल्या. प्रेमिलावहिनींनी तिला जवळ घेतलं. "किती गोड हात आहे वं तुझा, दामिनी!" चंपतरावांनी डोळे पुसले आणि उघड पुसले, लपवलं नाही. सुशील खोक्यावर हात ठेवून उभा होता. दामिनी म्हणाली, "तर्री गरम करते," आणि आत गेली. जाताना सुशीलला म्हणाली, "जरा सिलेंडर बघा हो."

सिलेंडरला काही झालं नव्हतं. ओट्याशी उभी राहून तिने विचारलं, "ते कोणी वाजवलं?"

"काय कोणी?"

"जाडी तार वाजते त्याच्यात. चारही वेळा. माह्या बोटाले ते येत नाही."

सुशील हसला. "अवं, सॉफ्टवेअरमधी खालचा सूर वाढवता येते."

"असलेला वाढवता येते. नसलेला कसा वाढवला?"

तो दाराकडे पाहून म्हणाला, "हळू बोल. बाहेर लोक आहेत."

"हळूच बोलून राहिली. कोणी वाजवलं?"

तर्रीला उकळी आली. सुशीलने गॅस बारीक केला, जणू त्यासाठीच तो आत आला होता. "इंदूरचा एक जण आहे. हर्षित म्हणून. ऑनलाइन करून देते. आपण पाठवलेलं ऐकते आणि तसंच्या तसं वाजवते. अवं, चाल तुहीच, वेग तुहाच. फक्त हात त्याचा."

"फक्त हात?" दामिनी म्हणाली.

तिला विचारायचं नव्हतं, पण तिने विचारलं. कधीपासून? तिसऱ्या गाण्यापासून, तो म्हणाला. म्हणजे अकरातली नऊ. भुलाबाईची चाल तिसरी. बाबांचा तो फोन त्या चालीनंतरच आला होता.

"काहून पण? मी म्हटलं होतं का तुम्हाले?"

सुशीलने मग जे सांगितलं ते मी त्याच्या बाजूने सांगायचा प्रयत्न करतो, पण त्याची बाजू फारशी उभी राहत नाही. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्या हौशी लोकांचा त्याचा एक ग्रुप होता. त्यावर त्याने तिचं दुसरं गाणं टाकलं होतं. कोणीतरी लिहिलं, माइक झकास, आवाज झकास, पण वाजवणारं कोण आहे, सगळी मेहनत पाण्यात घातली की. त्याखाली सोळा जणांनी हसणारी तोंडं टाकली.

"मले लय लागलं थे," सुशील म्हणाला.

"तुम्हाले लागलं?"

"रेकॉर्डिंग माह्यं होतं ना."

हे तो अगदी सरळ मनाने बोलला, आणि तेच वाईट होतं. तिला दिलासा द्यावा म्हणून नव्हे, सासऱ्याला बरं वाटावं म्हणून नव्हे, तर त्याच्या माइकची इभ्रत राहावी म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण दामिनीने शंभर वेळा ऐकली होती. इथे अंगण वाकडं नको म्हणून नाचणारीच बदलून टाकली होती, आणि नाचणारीला पत्ता नव्हता. कपाटात दुसऱ्या बाईच्या चिठ्ठ्या सापडल्या असत्या तर निदान त्यावर भांडायची काही रीत तरी तिला माहीत होती. याच्यावर भांडायचं कसं, तेच तिला समजेना.

"माही कुठी आहेत?" तिने विचारलं.

"काय?"

"मी वाजवलेली. नऊ गाणी. पन्नास-पन्नास वेळा वाजवून घेतली ती."

सुशीलने मान खाजवली. "एवढं सगळं ठेवलं तं कॉम्प्युटर हँग होते, दामिनी. काढून टाकली."

तिला रडू आलं नाही. राग आला, इतका की पातेल्यातली तर्री त्याच्या त्या पॉलिश केलेल्या खोक्यावर नेऊन ओतावी असं वाटलं. तीन वर्षं ती त्या रजयांच्या मध्ये घामाघूम होऊन बसली होती, पंखा बंद करून, आवाज येतो म्हणून. प्रत्येक वेळी तो म्हणाला होता, वा, बढिया, आणखी एकदा. आणि प्रत्येक वेळी तो तिचं वाजवणं इंदूरला धाडून नंतर पुसून टाकत होता. पहिली दोन गाणी सोडली तर आपण या घरात तीन वर्षं वाजवलं याचा आता एकही पुरावा नाही.

बाहेरून चंपतरावांचा आवाज आला. "बाई! अवं इकडे ये. एकडाव समोर वाजवून दाखव. एवढ्या दूर आलो मी."

सुशील घाईने कुजबुजला, "आज नको म्हणून सांग. काही तरी सांग."

दामिनी मागच्या खोलीत गेली, गिटारभोवतीच्या वायरी सोडवल्या आणि ती घेऊन हॉलमध्ये आली. वडिलांच्या समोर प्लास्टिकच्या स्टुलावर बसली. तिने तीच चाल वाजवली, जशी तिला येते तशी. पाच तारांवर, जाडी तार थोटकाने दाबून गप्प ठेवून. दोन जागी ती अडखळली. पण सूर खरे होते, आणि वळणांवर ती चुकली नाही. मनोहरराव चमच्याशी खेळत राहिले. चंपतरावांनी डोळे मिटून ऐकलं, आणि दुसऱ्या वळणानंतर ते उघडले.

"चांगलं आहे," वाजवून झाल्यावर ते म्हणाले. मग ओशाळं हसले. "पण हे थे नाही वाटून राहिलं मले. त्या खोक्यातून थे खालतून घुमलं ना, थे नाही आलं. थे वाजव ना बाई."

खोलीत सगळे तिच्याकडे पाहत होते. खरं तिच्या जिभेवर होतं. पण समोर ऐंशी वर्षांचा म्हातारा होता, आणि चाळीस वर्षांनंतर त्याला लागलेली झोप आपण मोडायची, हे तिच्याने झालं नाही. ती म्हणाली, "आज बोट दुखून राहिलं बाबा."

बोलली आणि त्याच क्षणी तिला कळलं की यापेक्षा वाईट काही बोलता आलं नसतं. चंपतरावांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "दुखते?" ते म्हणाले. "अजून दुखते थे?" त्यांचा उजवा हात मांडीवरच्या टोपीखाली सरकला. "मले कधी सांगतलं नाही तू. एवढ्या वर्षांत एकडावही नाही सांगतलं."

"थंडीनं होते बाबा," सुशील पुढे होऊन म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता, ते आवाजावरून कळत होतं. "हिवाळ्यात आखडते तिचं बोट. डॉक्टर म्हणते, जुनी जखम आहे, चालायचंच. पुढच्या आठवड्यात चांगलं वाजवून पाठवतो तुम्हाले."

कुठलाही डॉक्टर असं म्हणाला नव्हता. दामिनीने नवऱ्याकडे पाहिलं. ती वडिलांसाठी एक खोटं बोलली होती, आणि हा माणूस त्यावर लगेच आपलं बिऱ्हाड मांडायला निघाला होता. तिचं बोट, तिची जखम, तिच्या बापाचं दुःख, सगळं त्याने पुढच्या गाण्याच्या कामी लावलं होतं.

"नाही दुखत," ती म्हणाली. आवाज चढला होता, चढू दिला तिने. "बाबा, माह्यं बोट दुखत नाही. सात वर्षांची होती तेव्हा दुखलं, त्यानंतर कधीच नाही. आता वाजवलं ना, ते माह्यं. मले येते ते एवढंच. जाडी तार माह्या बोटाले पुरत नाही. तुम्ही मोबाइलवर ऐकता ते माह्यं नाही. ते दुसऱ्याच्या हातचं आहे."

प्रेमिलावहिनींनी बशी खाली ठेवली. मनोहरराव सुशीलकडे पाहू लागले आणि मग घाईने खिडकीकडे. चंपतरावांना ते समजायला वेळ लागला. त्यांनी लेकीच्या डाव्या हाताकडे पाहिलं, गिटारकडे पाहिलं, मग त्या उंच खोक्याकडे. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मंग दोन वर्षं," ते सावकाश म्हणाले, "रोज सकाळी मी कोणाले ऐकून राहिलो होतो?"

सुशील वाकून स्पीकरच्या मागची वायर बघायला लागला, जणू काही तिथेच सैल झालं होतं.

"वायर राहू द्या," दामिनी म्हणाली. "सांगा त्यायले. बाबा विचारून राहिले."